औषधानें गेलेले जंत पुन्हां कां येतात?

गोवर एकदां अंगावरून गेला कीं तो त्याच माणसाच्या वाटेला सहसा पुन्हां जात नाहीं. देवीचा रोग जगांत होता तोंवर त्याचाहि हाच शिरस्ता होता. तोंडावरचे वण म्हणजे पुढच्या निर्धास्तपणाचा जणूं दाखलाच असे. शरीर एका दुखण्यांतून जें शिकतें तें जन्मभर विसरत नाहीं, ही कल्पना अशा रोगांमुळें लोकांच्या मनांत खोल रुजली आहे. त्यामुळें एखादें मूल एकाच विकारानें वारंवार आजारी पडूं लागलें म्हणजे घरांतील माणसें औषधाला तरी दोष देतात, नाहीं तर डॉक्टराला. जंतांच्या बाबतींत तर हा प्रसंग घरोघर येतो. गोळी दिली, जंत पडले, मुलाची भूक सुधारली. आणि वर्ष उलटतें न उलटतें तोंच पोटदुखीची तक्रार पुन्हां सुरू होते. रात्रीं दांत खाणें हेंहि आजीबाई जंतांचेंच लक्षण मानतात. त्याचा जंतांशीं संबंध असो वा नसो, पोटांत जंत पुन्हां झालेले असतात हें मात्र पुष्कळदां खरें ठरतें.

औषध खोटें होतें असा याचा अर्थ नव्हे. निरनिराळ्या देशांतील अनेक पाहण्यांचा एकत्र आढावा २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. औषधापूर्वीं जेथें शंभर माणसांना जंत होते, तेथें औषधानंतर बारा महिन्यांनीं पुन्हां किती जणांना होतात, हें त्यांत पाहिलें होतें. पोटांतील मोठ्या गोल जंताच्या बाबतींत तो आकडा ९४ निघाला, चाबकासारख्या जंताच्या बाबतींत ८२, आणि अंकुशकृमीच्या बाबतींत ५७. भारतांत फेब्रुवारी २०१५ पासून शाळांतून व अंगणवाड्यांतून ठराविक दिवशीं अल्बेंडाझोलची गोळी देण्यास आरंभ झाला. ती एकदां देऊन न थांबतां पुन्हां पुन्हां कां द्यावी लागते, याचें उत्तर या आकड्यांत आहे.

पण या आकड्यांनीं मूळ प्रश्न सुटत नाहीं. गोवराच्या बाबतींत पहिल्याच धड्यांत शहाणें होणारें शरीर जंतांपुढें असें मंदबुद्धि कां ठरावें? तें कांहींच शिकत नाहीं, कीं शिकतें पण फार सावकाश? आणि तें सावकाश शिकत असेल, तर मध्येंच औषध देऊन जंत काढून टाकणें म्हणजे त्याची शाळाच बंद पाडणें होणार नाहीं काय? हा शेवटचा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाहीं. कोट्यवधि मुलांना गोळ्या द्याव्या कीं न द्याव्या, हें त्यावर अवलंबून होतें. त्याचा सर्वांत कसून शोध घेतला गेला तो आफ्रिकेंत, आणि तोहि पोटांतल्या जंतांवर नव्हे, तर रक्तांत राहणाऱ्या एका कृमीवर.

या कृमीचें नांव शिस्टोसोमा. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरांनीं १८५१ सालीं कैरो येथें एका मृतदेहाच्या रक्तवाहिन्यांत तो पाहिला, म्हणून त्याच्या रोगास बिल्हार्झिया असें नांव पडलें. रोग मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. ईजिप्तमधील सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या ममींच्या मूत्रपिंडांत मार्क आर्मांड रफर यांना १९१० सालीं त्याचीं अंडीं सांपडलीं. मराठी मुलखालाहि हा रोग अगदींच परका नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी या गांवीं या जातीच्या रोगाचें एक केंद्र असल्याचें गाडगीळ व शहा या डॉक्टरांनीं १९५२ सालीं प्रसिद्ध केलें होतें. तथापि तो आफ्रिकेंत जसा पसरला तसा भारतांत कधींच पसरला नाहीं.

कृमीचा जीवनक्रम मोठा विलक्षण आहे. जपानमधील जातीचा उलगडा १९१३ सालीं झाला आणि ईजिप्तमधील जातींचा १९१५ सालीं रॉबर्ट लीपर यांनीं केला. रोग्याच्या लघवींतून किंवा शौचांतून अंडीं पाण्यांत पडतात. त्यांतून निघालेली सूक्ष्म अळी गोड्या पाण्यांतील एका ठराविक जातीच्या गोगलगाईला गांठते. त्या गोगलगाईच्या अंगांत एकीच्या हजारों अळ्या होतात, आणि कांहीं आठवड्यांनीं, दिवसाचें ऊन चढूं लागलें म्हणजे, दुभंगलेल्या शेपटीच्या त्या नव्या अळ्या पाण्यांत मोकळ्या होतात. पाण्यांत उतरलेल्या माणसाच्या कातडींतून त्या कांहीं मिनिटांतच आंत शिरतात. शेपटी तेवढी बाहेर गळून पडते. रक्तावाटे फुप्फुसांत, तेथून यकृतांत, असा त्यांचा प्रवास चालतो. यकृतांत त्यांची वाढ होऊन नर व मादी यांची जोडी जमते. नराच्या अंगाला लांबट पन्हळ असते, तींत मादी जन्मभर पडून राहते. हें जोडपें मग जातीप्रमाणें आंतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या भोंवतालच्या नीलांत बिऱ्हाड करतें आणि तेथें वर्षांनुवर्षें राहतें. आंतड्याच्या जातीची मादी रोज सुमारें तीनशें अंडीं घालते. त्यांतील जवळजवळ निम्मीं बाहेर न पडतां शरीरांतच अडकतात. यकृतांत किंवा मूत्राशयाच्या भिंतींत तीं रुतून बसतात आणि त्यांच्याभोंवतीं गांठी धरतात. मुलाचें यकृत कठीण होतें, प्लीहा वाढते, लघवीवाटे रक्त जातें, अंगांतलें रक्त कमी होऊन वाढ खुंटते, तें सर्व या अंड्यांमुळें. रोग खरोखर कृमीचा नव्हे, त्याच्या अंड्यांचा आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरावयास हवी. पुढचा सारा विचार तिच्यावर उभा आहे. हा कृमि माणसाच्या शरीरांत अंडीं घालतो, पण वाढत नाहीं; म्हणजे एकाचे दोन, दोनाचे चार असें जंतूंप्रमाणें होत नाहीं. अंगांत दहा जोडपीं असतील तर दहा वेळां तरी नर व मादी बाहेरून आलीं असलीं पाहिजेत. त्यामुळें शौचांतील किंवा लघवींतील अंडीं मोजलीं कीं माणसानें किती कृमि गोळा केले याचा अदमास लागतो, आणि औषधानें सर्व कृमि मारले तर पुढें दिसणारें प्रत्येक अंडें हें नव्या लागणीचें असतें. हिशेबाची वही कोरी करून पुन्हां पहिल्या पानापासून लिहावी, तसें हें आहे.

आफ्रिकेंतील ज्या ज्या गांवीं अंड्यांची मोजणी झाली, तेथें तेथें एकच चित्र दिसलें. दोन-तीन वर्षांच्या मुलापासून लागण वाढत जाते, दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांत ती कळसास पोंचते, आणि मोठ्या माणसांत पुन्हां उतरते. याचा अर्थ काय लावावा? एक पक्ष म्हणे, मोठीं माणसें रोगाला पुरून उरलीं आहेत, त्यांना प्रतिकारशक्ति आली आहे. दुसरा पक्ष म्हणे, छे, मुलें दिवसभर ओढ्यांत डुंबतात आणि बाप शेतावर असतो. जो पाण्यांत कमी उतरतो त्याला कृमि कमी लागतात, यांत प्रतिकारशक्तीचा संबंध कसला? दोन्ही पक्षांचें म्हणणें समंजस होतें, आणि नुसतीं अंडीं मोजून या वादाचा निकाल लागणें शक्य नव्हतें.

निकालाचें साधन औषधानें दिलें. जुनीं औषधें त्या कामाचीं नव्हतीं. १९१८ सालीं खार्तूम येथें क्रिस्टोफरसन यांनीं टार्टर एमेटिक हें अँटिमनीचें औषध शिरेंतून देण्यास आरंभ केला. त्याचीं इंजेक्शनें अनेक आठवडे टोंचावीं लागत, आणि ओकाऱ्यांनीं रोगी बेजार होई. ईजिप्तमध्यें १९५०च्या दशकापासून हीं इंजेक्शनें गांवोगांव देण्यांत आलीं. परंतु सुया नीट उकळल्या न गेल्यामुळें त्यांतूनच हेपाटायटिस-सी हा यकृताचा दुसरा रोग लाखों लोकांत पसरला. एका रोगाच्या निवारणानें दुसरा रोग पेरला गेल्याची इतकी करुण गोष्ट वैद्यकाच्या इतिहासांत फार थोडी सांपडेल. १९७०च्या दशकांत प्राझिक्वांटेल हें पोटांत घ्यावयाचें औषध निघालें. वजनाच्या दर किलोस ४० मिलिग्रॅम या हिशेबानें तें एकदांच द्यावयाचें. त्यानें मोठे कृमि मरतात. चार-पांच आठवड्यांच्या आंतल्या वयाचे कोवळे कृमि मात्र त्यांतून बहुधा सुटतात. औषधानंतर महिन्या-दोन महिन्यांनीं अंडीं दिसूं लागलीं, तर तो नव्या लागणीचा पुरावा नसून या सुटलेल्या कृमींचाहि प्रताप असूं शकतो, हें डॉक्टरांना नेहमीं ध्यानांत ठेवावें लागतें.

नैरोबीच्या आग्नेयेस मचाकोसचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथें अकांबा लोकांची वस्ती असून डोंगरांतून उतरणारे ओढे हेंच तेथील नाहण्याधुण्याचें व खेळण्याचें ठिकाण. १९८०च्या दशकाच्या आरंभीं केनियाचे डॉ. जॉन ऊमा, इंग्लंडचे अँथनी बटरवर्थ, रॉबर्ट स्टरॉक आणि त्यांचे सहकारी यांनीं तेथील शाळकरी मुलांवर आपली प्रसिद्ध पाहणी केली. मुलांचीं अंडीं मोजलीं, सर्वांना औषध दिलें, आणि मग कोणाला किती लवकर व किती जोरानें पुन्हां लागण होते तें पाहण्यास आरंभ केला. परंतु खरी मेख पुढेंच होती. ज्याला पुन्हां लागण झाली नाहीं तो प्रतिकारशक्तीमुळें वांचला कीं पाण्यांत उतरलाच नाहीं म्हणून वांचला, हें ठरविण्यासाठीं ओढ्याच्या पाणवठ्यांवर माणसें बसविलीं गेलीं. कोणतें मूल आलें, कशासाठीं आलें, किती वेळ पाण्यांत राहिलें, याची नोंद तीं ठेवीत. त्या पाण्यांतील गोगलगाईहि तपासल्या जात. कारण ज्या पाण्यांत अळ्याच नाहींत त्यांत तासभर पोहूनहि कांहीं होत नाहीं. शास्त्राच्या इतिहासांत दुर्बिणीचीं आणि परीक्षानळ्यांचीं चित्रें पुष्कळ येतात. पाणवठ्याच्या दगडावर वही घेऊन उन्हांत बसलेल्या माणसाचें चित्र कोणी काढीत नाहीं. परंतु या वादाचा निकाल त्या वहीनेंच लावला.

वहींत असें निघालें कीं, कांहीं मुलें लागणीच्या पाण्यांत वारंवार उतरतात आणि औषधानंतर थोड्याच काळांत पुन्हां अंडीं टाकूं लागतात. आणि त्यांच्याच शेजारीं, तितकाच वेळ त्याच पाण्यांत काढणारीं दुसरीं कांहीं मुलें जवळजवळ कोरडीं राहतात. हीं दुसरीं मुलें वयानें थोडीं मोठीं होतीं. म्हणजे प्रतिकारशक्ति आहे, हें सिद्ध झालें. मुलें पाण्यांत अधिक खेळतात हेंहि खरें होतेंच. पण तेवढ्यानें सगळा फरक भरून निघत नव्हता. गँबियामध्यें मूत्राशयाच्या जातीच्या कृमीवर विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याच रीतीनें पाहणी केली. तिचा निष्कर्ष १९८७ सालीं बाहेर आला आणि तोहि असाच होता.

आतां मुलांच्या रक्तांत शोध सुरू झाला. नुकत्याच शिरलेल्या अळीवर शरीर कसा हल्ला करतें, हें बटरवर्थ यांनींच १९७०च्या दशकांत प्रयोगशाळेंत दाखविलें होतें. रक्तांतील प्रतिद्रव्यें, म्हणजे शत्रूला ओळखून त्याला चिकटणारे प्रथिनांचे कण, अळीच्या अंगाला लागतात; आणि इओसिनोफिल नांवाच्या पांढऱ्या पेशी त्यांचा आधार धरून अळीला भिडतात व तिला मारतात. साहजिकच अशी अपेक्षा होती कीं, ज्या मुलांना पुन्हां लागण होत नाहीं त्यांच्या रक्तांत हें हत्यार असेल आणि ज्यांना होते त्यांच्या रक्तांत तें नसेल. पण हत्यार दोघांजवळहि निघालें. संशोधकांची यामुळें मोठी पंचाईत झाली. मग त्यांनीं प्रश्नच उलटा करून पाहिला: लहान मुलांत कांहीं कमी आहे असें धरण्याऐवजीं, त्यांच्यांत कांहीं जास्त तर नाहीं ना?

तसेंच होतें. लहान मुलाच्या शरीरांत हजारों अंडीं अडकतात, तेव्हां त्या अंड्यांविरुद्ध शरीर प्रथम भराभर प्रतिद्रव्यें तयार करतें. अंड्याच्या कवचांतील कांहीं शर्करामय द्रव्यें आणि कोवळ्या अळीच्या अंगावरील द्रव्यें यांच्यांत साम्य असल्यामुळें, हीं प्रतिद्रव्यें अळीलाहि जाऊन चिकटतात. पण चिकटूनहि तीं पांढऱ्या पेशींना बोलावीत नाहींत. उलट, खरीं मारक प्रतिद्रव्यें जेथें बसावयाचीं ती जागाच तीं अडवून धरतात. गाडीच्या डब्यांत बिनतिकिटाच्या उतारूंनीं बांकें अडवावीं आणि तिकिटवाल्यांनीं दारांत उभें राहावें, तसा हा प्रकार. वय वाढतें तसतशीं हीं अडविणारीं प्रतिद्रव्यें कमी होत जातात आणि मारणाऱ्यांना वाव मिळतो.

मारणारें प्रतिद्रव्य कोणतें, हेंहि लवकरच उजेडांत आलें. गँबियांतील त्याच संशोधकवर्गापैकीं हेगन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९१ सालीं दाखविलें कीं, ज्यांच्या रक्तांत कृमीविरुद्धचें ‘ई’ वर्गाचें प्रतिद्रव्य भरपूर असतें, त्यांना औषधानंतर पुन्हां लागण फारच क्वचित् होते. आणि ज्यांच्यांत ‘जी-४’ नांवाच्या वर्गाचें अधिक असतें, ते पुन्हां सांपडतात. ‘जी-४’ अडविणारें, ‘ई’ मारणारें. त्याच सुमारास ब्राझिलमध्यें व केनियांतहि आंतड्याच्या जातीबाबत असाच निर्णय निघाला. शहरांतील पुष्कळ घरांना हें ‘ई’ वर्गाचें प्रतिद्रव्य दुसऱ्याच नात्यानें परिचित आहे. धुळीनें येणाऱ्या शिंका, फुलांच्या परागांनीं वाहणारें नाक, कित्येकांचा दमा, यांच्या मुळाशीं तेंच असतें. शहरी माणसाला जें केवळ उपद्रव देतें, तेंच मचाकोसच्या ओढ्यांत मुलाचें रक्षण करतें.

मग तें यावयास दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षें कां लागावीं? याचें कारण कृमीच्या दीर्घायुष्यांत आणि त्याच्या वेषांतरांत आहे. मोठा कृमि यजमानाच्याच रक्तांतील द्रव्यें अंगावर पांघरून बसतो, हें स्मिथर्स व टेरी यांनीं १९६९ सालींच माकडांवरील प्रयोगांनीं दाखविलें होतें. त्यामुळें शरीर त्याला परका म्हणून ओळखीतच नाहीं. ज्या द्रव्यांविरुद्ध ‘ई’ प्रतिद्रव्य तयार होतें, त्यांतलीं महत्त्वाचीं द्रव्यें जिवंत कृमीच्या अंगांत दडलेलीं असतात आणि तो मेला कीं मगच रक्तांत सुटतात. कृमि तर वर्षांनुवर्षें जगतो. म्हणजे पांचव्या वर्षीं शिरलेला कृमि दहाव्या-बाराव्या वर्षीं मरणार, तेव्हां कोठें शरीराला त्याच्या आंतली ओळख पटणार. शिक्षक वर्गांत यावयालाच इतकीं वर्षें लागतात, मग विद्यार्थ्याला मंदबुद्धि म्हणण्यांत काय अर्थ?

ही गोष्ट ध्यानांत आली म्हणजे मागची भीति उलटी फिरते. औषध देऊन मुलांचा अनुभव तोडूं नये, नाहीं तर त्यांना प्रतिकारशक्ति कधींच येणार नाहीं, अशी शंका पुष्कळ विचारी माणसें बोलून दाखवीत. तींत तथ्य असतें तर मोठा पेंच पडला असता. कारण औषध न द्यावें तर अंड्यांनीं यकृत व मूत्राशय नासतात, आणि द्यावें तर मुलाचें संरक्षण लांबणीवर पडतें. पण औषध तर जे कृमि पुढें आठ-दहा वर्षांनीं मेले असते, ते एका दिवसांत मारतें. म्हणजे जी ओळख शरीराला थेंबाथेंबानें व्हावयाची, ती एकदम होते. झिंबाब्वेमधील फ्रान्सिस्का मुटापी यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९८ सालीं हेंच प्रसिद्ध केलें. औषध घेतलेल्या मुलांच्या रक्तांतील प्रतिद्रव्यांची ठेवण कांहीं महिन्यांतच, रोगाचा दीर्घ अनुभव घेतलेल्या मोठ्या माणसांसारखी होऊं लागली. न घेतलेल्या मुलांत असा पालट दिसला नाहीं.

किसुमू येथें व्हिक्टोरिया सरोवराच्या कांठीं मोटारी धुण्याचा धंदा चालतो. मोटारी थेट पाण्यांत आणून उभ्या करतात आणि धुणारे तरुण दिवसभर गुडघ्याएवढ्या पाण्यांत राहतात. त्यांच्याइतकें अळ्यांच्या तोंडीं रोज उभें राहणारें दुसरें कोणी सांपडणें कठीण. त्यांना दर वेळीं लागण झाली कीं औषध दिलें जाई आणि पुढील लागणीची नोंद होई; हें कित्येक वर्षें चाललें. करंजा, कॉली प्रभृति संशोधकांनीं २००२ सालीं कळविलें कीं, या लोकांपैकीं कांहीं आरंभापासूनच चिवट होते, कांहींना मात्र औषधाच्या अनेक फेऱ्यांनंतर अशी शक्ति आली कीं, तेंच काम, तेंच पाणी, पण लागण पूर्वीपेक्षां फार उशिरां. कांहींना ती कधींच आली नाहीं. त्यांच्यांतील ज्यांना एचआयव्हीची बाधा होती आणि ज्यांच्या सीडी-४ या संरक्षक पेशी घटल्या होत्या, ते पुन्हां लवकर सांपडत. धुणारे हे प्रौढ पुरुष होते, मुलें नव्हेत. तेव्हां मुलांच्या बाबतींत त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढणें घाईचें होईल. परंतु औषध हें प्रतिकारशक्तीचें वैरी नव्हे, इतकें तरी त्यांनीं दाखवून दिलें.

तथापि अनुभव हेंच सर्व कांहीं, असेंहि नाहीं. सेनेगल नदीवर १९८६ सालीं दियामा येथें धरण झालें. त्यामुळें खारें पाणी आंत येईनासें झालें, उंसाच्या कालव्यांत गोगलगाई माजल्या, आणि रिशार तोल या गांवीं १९८८च्या सुमारास आंतड्याचा बिल्हार्झिया एकाएकीं उसळला. रोग त्या गांवाला नवा होता. तेव्हां लहानथोर सर्वांचा अनुभव सारखाच, दोन-चार वर्षांचा. अनुभवाचा पक्ष खरा असता तर बापाला व मुलाला सारखीच लागण व्हावयास हवी होती. परंतु तेथेंहि अंड्यांची संख्या पौगंडावस्थेनंतर उतरलेलीच दिसली. वयांत येतांना शरीरांत जे पालट होतात, त्यांचाहि यांत हात असावा, असें त्यावरून कित्येक शास्त्रज्ञ मानतात. उलट बाजूनें वुलहाऊस यांचें काम आहे: जेथें पाण्यांत अळ्या फार, तेथें लागणीचा कळस लहान वयांत येतो आणि उंच असतो, जेथें अळ्या कमी, तेथें तो उशिरां येतो आणि बुटका असतो. केवळ वयाचाच प्रश्न असता तर कळस सर्वत्र एकाच वयाला आला असता. म्हणजे वय आणि अनुभव या दोहोंनाहि आपापला वांटा द्यावा लागतो. हा वांटा नेमका किती याविषयीं तज्ज्ञांत अजून एकवाक्यता नाहीं, आणि वापरांत आलेली लसहि अद्याप नाहीं.

एवढ्या ज्ञानावर सरकारांना मात्र कामास लागणें भाग होतें. २००१ सालीं जागतिक आरोग्य परिषदेनें ठराव केला कीं, ज्या मुलखांत हा रोग आहे तेथील शाळेच्या वयाच्या मुलांपैकीं निदान ७५ टक्क्यांना २०१० पर्यंत नियमित औषध मिळावें. मुलें पुन्हां पाण्यांत जाणार आणि त्यांना पुन्हां लागण होणार, हें ठराव करणाऱ्यांना ठाऊक होतें. तरीहि औषधाचा हेतु साधतो. कारण जितके महिने शरीरांत कृमि कमी, तितकीं अंडीं कमी रुततात, आणि यकृताला व मूत्राशयाला तितकी उसंत मिळते. घरगुती भाषेंत सांगावयाचें तर, घर गळतें म्हणून पाणी उपसणें सोडून द्यावें असें कोणी म्हणत नाहीं. पण उपसतांना कौलांकडेहि पाहावें लागतें. वर्षांनुवर्षें गोळ्या देऊनहि कांहीं गांवांत लागण हटत नाहीं, असा पुढील काळांतील अनुभव आहे. अशा गांवांत ओढा किंवा सरोवर हेंच स्नानगृह असतें, आणि शौचकूप नसल्यामुळें अंडीं त्याच पाण्यांत जाऊन पडतात.

या सर्व व्यवस्थेंत एक वर्ग बरींच वर्षें विसरला गेला. ठराव होता शाळेच्या मुलांसाठीं; आणि शाळेंत न जाणारें मूल गोळीच्या यादींतहि नव्हतें. वस्तुतः व्हिक्टोरिया सरोवराच्या कांठचें तान्हें मूल पायांनीं पाण्यांत न उतरतांहि पाण्यांत पोंचतें. आई धुणें धुतांना त्याला कडेवर घेते किंवा कांठच्या उथळ पाण्यांत बसविते. घरीं टोपांत घालून न्हाऊं घालते तें पाणीहि सरोवरांतूनच आणलेलें असतें. त्याच्या रक्तांत अडविणारीं प्रतिद्रव्यें तयार होण्यास तेव्हांपासूनच आरंभ होतो. मारणारीं यावयाला अजून दहा वर्षें असतात, आणि त्या दहा वर्षांत अंडीं आपलें काम करीतच असतात. प्राझिक्वांटेलची मोठी, कडू गोळी ठेंचून, फळांच्या रसांत मिसळून या मुलांना देण्याचा प्रयत्न होई, आणि मूल ती बहुधा थुंकून टाकी. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या नव्या सूचनांत औषधाचें वय दोन वर्षांपर्यंत खालीं आणलें. तीन महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं त्याच औषधाची लहान, पाण्यांत विरघळणारी आणि कमी कडू गोळी पुढें तयार झाली. डिसेंबर २०२३ मध्यें युरोपांतील औषध-नियंत्रण संस्थेनें तिला अनुकूल अभिप्राय दिला. ती गोळी विरघळविण्यासाठीं लागणारें चमचाभर पाणी मात्र आधीं उकळून घ्यावें लागतें.